‘मित्राची गाडी म्हणा’: विमानतळावर गाड्या भाड्याने देणाऱ्यांना आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्यांना खुले पत्र

परिवहन खात्यातले अधिकारी, विमानतळाचे व्यवस्थापक आणि विमानतळावर गाड्या भाड्याने देणारे व्यावसायिक यांस,

स. न. वि. वि.

“पोलिसांनी अडवलंच तर मित्राची गाडी आहे म्हणा.”

फेब्रुवारीतल्या एका रात्री पावणेअकराच्या सुमारास, गोव्यातल्या एका विमानतळाच्या पार्किंगमध्ये, गाडीची किल्ली हातात ठेवता ठेवता मला हे सांगण्यात आलं. सांगणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. मी विचारलं, “मित्राचं नाव काय?” त्याने शांतपणे आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राचा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि म्हणाला, “हांगा आसा ताई, वाचून ठेवा.”

शेजारी व्हीलचेअरवर माझी आई बसली होती. वय 76. ती आयुष्यभर एसटीच्या चालकाची बायको म्हणून जगली आहे, त्यामुळे गाडीकडे बघण्याची तिची नजर तयार आहे. गाडीची नंबराची पाटी माझ्याआधी तिलाच दिसली. “पाटी पांढरी कित्याक रे झिला?” तिने विचारलं. मुलाने ऐकू न आल्यासारखं केलं.

गोव्यात विमानतळ दोन आहेत. त्यांतल्या कुठल्या विमानतळावर मी उतरले आणि गाडी कुठल्या कंपनीची होती, हे मी मुद्दाम लिहीत नाही. त्या मुलाची नोकरी जावी अशी माझी इच्छा नाही. शिवाय, ज्यांना ज्यांना मी हा प्रसंग सांगितला, त्यांतल्या बऱ्याच जणांनी “अगं, आम्हालाही असंच सांगितलं होतं” असं म्हटलं. म्हणजे दोष एका कंपनीपुरता नाही. तुम्हा तिघांना एकत्र लिहिते आहे त्याचं कारण असं, की एकेकट्याला विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हे मी करून पाहिलं आहे. पुढे सांगतेच.

आम्ही राहतो हैदराबादला. आईचं माहेर आचऱ्याच्या बाजूला. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला जायचं हा तिचा तीन वर्षांचा हट्ट होता. या जत्रेची तारीख पंचांगात छापलेली नसते, देवीचा कौल घेऊन गाव ठरवतं. तारीख कळते तोवर कोकण रेल्वेची तिकिटं संपलेली असतात. सिंधुदुर्गातच चिपीला विमानतळ आहे, 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झालेला. पण आमच्या दिवसाला जुळणारं विमान मिळालं नाही. म्हणून गोव्यात उतरायचं आणि तिथून स्वतः गाडी चालवत बांदा, सावंतवाडी, कुडाळ, कसालवरून मालवण, मग मसुरे, आचरा, कुणकेश्वर, देवगड, जमलं तर विजयदुर्ग असं चार दिवसांत करायचं ठरवलं. आईला बसवून नेता येईल, वाटेत कुणाच्या अंगणात अर्धा तास चहाला थांबता येईल, चालकाच्या जेवणाची-झोपण्याची काळजी नको. “टॅक्सी का नाही केली?” असं विचारणाऱ्यांसाठी एवढं पुरे.

गाडी तीन आठवडे आधी नोंदवली होती. दिवसाला 1,800 रुपये, चार दिवसांचे 7,200. संकेतस्थळावर गाडीचा फोटो होता आणि फोटोतल्या गाडीची पाटी काळी होती.

पाटीच्या रंगाचं मी एवढं का लावून धरते आहे, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्हा अधिकाऱ्यांना ते सांगायची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत. खासगी गाडीची पाटी पांढरी, अक्षरं काळी. टॅक्सीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. आणि ग्राहकाने स्वतः चालवायला भाड्याने घ्यायच्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. (विजेवरच्या गाड्यांच्या पाट्या हिरव्या, त्यांचा हिशोब वेगळा.) काळी पाटी म्हणजे त्या गाडीला भाड्याचा परवाना आहे, तिची तपासणी त्या हिशोबाने होते, तिचा विमा भाड्याच्या वापरासाठी उतरवलेला आहे. पांढऱ्या पाटीच्या गाडीचा विमा खासगी वापराचा असतो. पैसे घेऊन ती दुसऱ्याला दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. भाड्याचा वापर त्या पॉलिसीतून सरळ वगळलेला असतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 192-अ. परवान्याविना वाहन भाड्यासाठी वापरलं तर पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम फक्त गाडी देणाऱ्यासाठी नाही, चालवणाऱ्यासाठीही आहे.

चालवणारी मी होते.

मग मी ती गाडी घेतली का? घेतली. हे लपवून पत्र लिहिण्यात अर्थ नाही. विमान दोन तास उशिरा आलेलं, आईचे पाय सुजलेले, कुडाळला खोली घेतलेली, पैसे भरून झालेले. “काळ्या पाटीची दुसरी गाडी द्या” म्हटलं तर “आता नाही, उद्या दुपारी बघतो.” माझ्या जागी माझे बाबा असते तर त्यांनी किल्ली परत दिली असती आणि रात्र विमानतळावरच्या खुर्चीत काढली असती. डेपोतून गाडी काढण्याआधी ते तिच्याभोवती एक फेरी मारायचे, प्रत्येक टायरवर थाप द्यायचे, मगच चढायचे. मी फेरी तेवढी मारली. मोबाईलचा टॉर्च लावून, व्हिडिओ काढत. त्याचा पुढे उपयोग झाला, किंवा खरं तर झाला नाही.

आता तक्रारी. पाटीची सांगून झाली. बाकीच्या सगळ्या एकाच सवयीतून येतात: ग्राहकाला ‘नाही’ म्हणता येणार नाही अशी वेळ येईपर्यंत अट सांगायची नाही.

पैशांचं बघा. 7,200 नोंदवताना भरले होते. पार्किंगमध्ये त्यात विमानतळावर गाडी आणून दिल्याचे 600 आले, रात्री नऊनंतर आल्याबद्दल 500 आले (उशीर विमानाला झाला होता, मला नाही), आणि गाडी महाराष्ट्रात नेणार म्हटल्यावर ‘राज्याबाहेर’ म्हणून 2,000. झाले 10,300. नोंदणी करताना मी प्रवासाच्या रकान्यात ‘मालवण’ असं स्पष्ट लिहिलं होतं. गोव्यातून निघून सिंधुदुर्गात जाणं ही काही चंद्रावरची सफर नाही. पेडण्याची माणसं बाजाराला सावंतवाडीला येतात, बांद्याची मुलं नोकरीला म्हापशाला जातात. आमच्या दोन राज्यांमधली हद्द लोकांनी कधी फारशी मनावर घेतलेली नाही, ती फक्त या करारात जिवंत आहे. तुम्हाला 2,000 घ्यायचेच असतील तर घ्या, पण ‘मालवण’ लिहिलेलं वाचून त्याच वेळी सांगा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ऑनलाइन फसवणुकीचे 13 प्रकार नावानिशी जाहीर करून त्यांना मनाई केली. सुरुवातीला कमी किंमत दाखवायची आणि मग थेंबाथेंबाने वाढवत न्यायची, हा त्यांतला एक प्रकार आहे. मला तर शेवटचे थेंब संकेतस्थळावरही पडलेले दिसले नाहीत, ते थेट पार्किंगमध्ये पडले.

अनामत 10,000. तीही कंपनीच्या खात्यावर नाही, एका व्यक्तीच्या यूपीआयवर. पावती मागितली तर “व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकतो.” वर आईचं मूळ आधार कार्ड ठेवून घ्यायचं म्हणाले. आईने पर्स छातीशी धरली आणि म्हणाली, “माझा कार्ड मी देवचंय नाय.” तो विषय तिथेच संपला. सगळ्यांबरोबर अशी आई नसते.

करारनामा. मोबाईलवर आलेली सात पानं, सगळी इंग्रजीत, बारीक अक्षरात, खाली बोटाने सही. मी बँकेत काम करते, करारनामे वाचणं हे माझं रोजचं काम. मला त्या उजेडात दोन पानंसुद्धा धड वाचता आली नाहीत. गोव्याची राजभाषा कोकणी आहे आणि 1987 च्या त्याच कायद्याने मराठीलाही सरकारी कामकाजात जागा दिली आहे. गाडी घेणारा कोकणी-मराठीत बोलतो, देणारा कोकणी-मराठीत बोलतो, भांडण झालं तर तेही याच भाषांत होतं. करारच तेवढा का नाही?

परत करतानाची गोष्ट आणखी मजेशीर. ‘मजेशीर’ आता म्हणते, त्या दिवशी रडकुंडीला आले होते. गाडी मिळाली तेव्हा मीटरवर पेट्रोलची एक कांडी होती. परत दिली तेव्हा दोन होत्या. करारात ‘टाकी पूर्ण भरून घ्यावी, पूर्ण भरून द्यावी’ असं लिहिलेलं, म्हणून 600 कापले. आपण अर्धी भाकरी वाढायची आणि पाहुण्याने अख्खी परत केली नाही म्हणून दंड लावायचा, असा हा पाहुणचार. पुढच्या बंपरखाली ओरखडा म्हणून 3,500. तो ओरखडा माझ्या पहिल्या रात्रीच्या व्हिडिओत आहे, त्यावर 10 वाजून 52 मिनिटांची वेळ आहे. व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, “तो वेगळा स्क्रॅच आहे मॅडम.” त्यांच्या मुलाने त्या रात्री चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला होता, त्यात बंपरखाली फक्त अंधार दिसतो.

आणि 400 रुपये जास्तीच्या किलोमीटरचे. दिवसाला 150 किलोमीटरची मर्यादा, म्हणजे चार दिवसांचे 600. आम्ही एकूण 520 फिरलो. मग जास्तीचे कुठून आले? “तिसऱ्या दिवशी 190 झाले. मर्यादा दिवसाची आहे.” तिसऱ्या दिवशी आम्ही विजयदुर्गला जाऊन परत मालवणला आलो होतो, वाटेत एकदा चुकलोही होतो, ते खरं. पण कंपनीला हे कसं कळलं? रोज संध्याकाळी कुणी येऊन मीटर वाचून गेलं नव्हतं. गाडीत जीपीएस लावलेलं होतं. आम्ही कुठे गेलो, कुठे थांबलो, आईच्या भावाच्या घरी किती वेळ बसलो, हे सगळं चार दिवस कुणाच्या तरी फोनवर दिसत होतं, आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. गाडीच्या सुरक्षिततेसाठी ते लावलं तर माझी हरकत नाही. मीही लावलं असतं. पण ते आधी कळायला हवं होतं. 400 रुपयांच्या निमित्ताने कळलं, हेच नशीब म्हणायचं.

चार दिवस वळणावर समोरून डंपर आला की मी नको तितकी डावीकडे घ्यायचे. काही झालं तर विमा नाही, हे डोक्यातून जात नव्हतं. बांद्याजवळ नाक्यावर पोलीस दिसले तेव्हा मी मनात ‘मित्राचं’ नाव घोकत होते. त्यांनी हात केला, काच खाली घेतली, मागच्या सीटवर आईला बघितलं आणि “जत्रेक चललात काय?” असं विचारून सोडून दिलं. काहीही झालं नाही. पण त्या दोन मिनिटांत मी खोटं बोलायला पूर्ण तयार होते, आणि हे आईला कळलं होतं. त्यावर ती आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही.

परत आल्यावर मी लेखी तक्रार केली. विमानतळाकडून कळलं की पार्किंगमध्ये दोन व्यक्तींनी काय व्यवहार केला त्याची जबाबदारी त्यांची नाही. दुसऱ्या एका कार्यालयातून 19 दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: हा ग्राहक आणि व्यावसायिक यांच्यातला खासगी व्यवहार आहे. कंपनीने फोन घेणं बंद केलं. हे पत्र त्या दोन ओळींमुळे लिहिते आहे. बाकीचं मी गिळलं असतं.

खासगी व्यवहार? मग 1989 ची रेंट-अ-कॅब योजना कशासाठी आहे? मोटार वाहन कायद्याच्या कलम 75 खाली केंद्राने ती केली. परवाना हवा असेल तर किमान 50 गाड्या हव्यात, त्यांतल्या निम्म्या वातानुकूलित हव्यात, चोवीस तास चालणारा फोन हवा, गाड्या ठेवायला आणि दुरुस्तीला जागा हवी. सरकारने ज्याला एवढ्या अटी घालून परवाना द्यायचं ठरवलं, तो व्यवहार परवाना नसलेल्या माणसाने केला की लगेच खासगी होतो, हा न्याय मला समजला नाही.

आणि या 50 गाड्यांबद्दल थोडं बोलू द्या, कारण मला वाटतं दुखणं इथेच आहे. मी गोव्यात ज्या ज्या लोकांशी बोलले, त्यांत तीन-चार गाड्या असलेले बरेच होते. कुणी आखातातून परत येऊन साठवलेल्या पैशांत दोन गाड्या घेतल्या, कुणी कर्ज काढून. यांना स्वतःच्या नावावर परवाना मिळणं कठीण, कारण 50 कुठून आणणार? मग कुणा परवानेवाल्याच्या नावाखाली गाडी लावायची आणि त्याला वाटा द्यायचा, नाहीतर सरळ पांढऱ्या पाटीवर धंदा करायचा. पहिला रस्ता महाग, दुसरा सोपा. 1989 साली भाड्याने गाडी घेणारे कोण होते आणि आज कोण आहेत, याचा विचार करून ही अट बदलायला हवी. पांढऱ्या पाटीच्या गाड्यांमुळे टॅक्सीवाले चिडतात, तेही मला पटतं. ते परवाना, कर, तपासणी सगळं करून रांगेत उभे असतात आणि शेजारच्या रांगेतून एक ‘मित्र’ गिऱ्हाईक घेऊन जातो. काळ्या पाटीवर सरळ धंदा करणाऱ्यांचंही तेच नुकसान. कमी भाव लावणाऱ्याशी ते स्पर्धा कशी करणार?

ग्राहक न्यायालयात जा, असं काही जण सुचवतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ अशी व्याख्याच आहे: अवाजवी अनामत, नुकसानीच्या मानाने कितीतरी जास्त दंड, हे त्यात नावानिशी येतं. वाचून बरं वाटलं. पण करारातली अटच अन्याय्य आहे असं म्हणायचं असेल तर जिल्हा आयोग चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. अनामतीतून कापलेल्या 4,500 रुपयांसाठी राज्य आयोग! कापलेल्या पैशांपुरती सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगात करता येते, आणि आता ती आपल्या राहत्या गावाहूनही करता येते. ती मी करणार आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदही केली आहे. पण पुढच्या माणसाला तिथपर्यंत जावं लागू नये म्हणून तुमच्याकडे या मागण्या:

1. विमानतळाच्या आवारात पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने दिली जाणार नाही, याची जबाबदारी विमानतळाने लेखी घ्यावी. पार्किंगचे पैसे प्रत्येक गाडीकडून घेता, म्हणजे आवार तुमचंच आहे. परवानाधारक कंपन्यांची यादी आणि परिवहन कार्यालयाचा फोन नंबर बाहेर पडण्याच्या दाराशी लावा.

2. पैसे घेण्याआधी एकूण रक्कम, अनामत, किलोमीटरची मर्यादा दिवसाची की एकूण, दुसऱ्या राज्यात नेण्याचे पैसे, रात्रीचे पैसे आणि जीपीएस आहे की नाही, हे एका पानात सांगा. कोकणी, मराठी आणि इंग्रजीत. त्यात नसलेला एक रुपयाही नंतर मागता येऊ नये.

3. गाडी उजेडात द्या. विमानतळावर त्यासाठी दिवे आणि कॅमेरा असलेली चार खणांची जागा पुष्कळ झाली.

4. अनामत कंपनीच्याच खात्यात घ्या, पावती द्या, सात दिवसांत परत करा. काही कापलं तर गाडी देतानाचा आणि घेतानाचा फोटो जोडून कापा.

5. मूळ ओळखपत्र कुणाचंही ठेवून घेऊ नका.

6. परिवहन खात्याने 50 गाड्यांच्या अटीबद्दल केंद्राकडे लेखी मागणी करावी, आणि तोवर छोट्या मालकांना एकत्र येऊन परवाना कसा घेता येईल याची माहिती स्थानिक भाषेत द्यावी.

त्या मुलाबद्दल एक शेवटचं. त्याने आईला पाण्याची बाटली आणून दिली, व्हीलचेअर स्वतः ढकलत गाडीपर्यंत आणली, तिला दोन्ही हातांनी धरून सीटवर बसवलं. त्या रात्री त्याला अजून तीन गाड्या द्यायच्या होत्या, शेवटची दोन वाजताच्या विमानाची. “मित्राची गाडी म्हणा” हे त्याचं वाक्य नव्हतं. कुणीतरी त्याला ते शिकवलं होतं.

पुढच्या वर्षी कौल लागला की मला पुन्हा चार दिवसांसाठी गाडी लागेल. तोवर या सहांपैकी काय झालं आणि काय झालं नाही, ते तुम्ही तिघांनीही लेखी कळवावं. ‘खासगी व्यवहार’ हे दोन शब्द सोडून कुठलंही उत्तर चालेल.

कळावे,
आपली
एक प्रवासी, हैदराबाद

ता. क. हे लिहून होईपर्यंत अनामतीतले 5,500 परत आले आहेत, पुन्हा एका वेगळ्याच व्यक्तीच्या खात्यावरून. 4,500 अजून यायचे आहेत.